सुरक्षित रस्त्यापर्यंतचे तीन किलोमीटर

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळ्यांची नावे लिहून झाली की खाली एक ओळ हमखास असते : ‘रोज अर्धा तास चालणे किंवा सायकल.’ गोळ्या कुठे मिळतील हे रुग्णाला ठाऊक असते. सायकल कुठे चालवायची, हे मात्र चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

समजा, ही चिठ्ठी वर्धा जिल्ह्यातील नाचणगावच्या पंचेचाळिशीतल्या एका गृहस्थाच्या हातात आहे. साखर नुकतीच वाढलेली. गुडघे कुरकुरतात, म्हणून चालण्यापेक्षा सायकल बरी. घरात मुलीची सायकल आहेच. कामावर निघण्याआधी सकाळी पाऊण तास मोकळा मिळतो. घराबाहेर पडले की समोर पुलगावकडे जाणारा रस्ता. त्यावर दुचाकी, ऑटो, एसटी, मालाच्या गाड्या. ज्या शांत रस्त्यावर निवांत सायकल चालवता येईल, तो समजा तीन किलोमीटर पलीकडे आहे. म्हणजे सायकल चालवण्यासाठी आधी सायकल चालवत तिथपर्यंत जायचे, आणि परतही यायचे.

या तीन किलोमीटरचा विचार आरोग्याच्या सल्ल्यात सहसा होत नाही. पुष्कळांची सायकल याच तीन किलोमीटरमध्ये सुटते.

पाऊण तासाचा हिशेब

गर्दीच्या रस्त्यावर नवखा माणूस ताशी १२ किलोमीटरच्या आसपास सायकल चालवतो. तीन किलोमीटर जायला पंधरा मिनिटे, यायला पंधरा मिनिटे. पाऊण तासातला अर्धा तास ये-जा करण्यातच गेला. मोकळ्या रस्त्यावर उरली पंधरा मिनिटे. ‘पंधरा मिनिटांसाठी एवढा खटाटोप कशाला?’ हा प्रश्न चौथ्या-पाचव्या दिवशी मनात येतो आणि सायकल पुन्हा भिंतीला टेकते.

शरीराच्या दृष्टीने मात्र हा अर्धा तास वाया गेलेला नसतो. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पूर्वी हा व्यायाम सलग किमान दहा मिनिटांचा असावा अशी अट होती. २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना आल्या तेव्हा ती अट काढून टाकली गेली. आता प्रत्येक मिनिट धरले जाते. मांडीच्या स्नायूंना रस्ता कोणता ते कळत नाही. ते आकुंचन पावतात, रक्तातली साखर खेचून घेतात आणि काम करतात. आपल्या गृहस्थाने आठवड्यातून चार दिवस हा पाऊण तास पाळला, तर १८० मिनिटे होतात. म्हणजे ये-जा धरूनच शिफारस पूर्ण झाली.

सायकलचा फायदा किती, याचा मोठा अंदाज ब्रिटनमधून आला आहे. तेथील सुमारे २ लाख ६३ हजार लोकांच्या नोंदींचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कामावर सायकलने जाणाऱ्यांमध्ये पाच वर्षांच्या काळात मृत्यूचा धोका, गाडीने किंवा बसने जाणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ४१ टक्क्यांनी कमी आढळला. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे. सायकल चालवणारे मुळातच थोडे अधिक धडधाकट असू शकतात, हे लक्षात ठेवूनच तो आकडा वाचायचा. तरीही वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा कल एकाच दिशेला आहे.

आपल्याकडे गरज किती आहे, तेही पाहा. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या आकडेवारीनुसार भारतातील जवळपास निम्म्या प्रौढांना पुरेशी शारीरिक हालचाल घडत नाही. स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये सुमारे ४२ टक्के आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर असल्याचा अंदाज होता.

प्रत्येक थांबा म्हणजे पासष्ट मीटर

वेळ धरला तसे श्रमही धरले पाहिजेत. गर्दीतले तीन किलोमीटर आणि मोकळ्या रस्त्यावरचे तीन किलोमीटर पायांना सारखे पडत नाहीत. त्याचे साधे भौतिकशास्त्र आहे.

पासष्ट किलोचा माणूस आणि वीस किलोची जुन्या घडणीची सायकल मिळून ८५ किलो. ताशी १५ किलोमीटर वेगाला या जोडीत सुमारे ७४० ज्यूल इतकी गतिज ऊर्जा साठलेली असते. ब्रेक दाबला की ती उष्णता होऊन उडून जाते आणि पुन्हा वेग घेताना तेवढीच पायांतून काढावी लागते. सपाट डांबरी रस्त्यावर याच वेगाने जाताना टायरचे घर्षण आणि हवेचा विरोध मिळून साधारण ११ न्यूटन जोर लागतो. ७४० ला ११ ने भागा. उत्तर येते ६५ मीटरच्या जवळपास. म्हणजे एक पूर्ण थांबा घेऊन पुन्हा वेग पकडणे हे ६५ मीटर जास्तीची सायकल चालवण्यासारखे आहे. गतिरोधक, आडवी आलेली गाय, वळणारा ऑटो, चौकातली गर्दी असे वीस थांबे झाले, की तीन किलोमीटरचे सव्वाचार होतात.

टायरमध्ये हवा कमी असेल, चेन कोरडी असेल किंवा सीट खाली असेल तर भार आणखी वाढतो. सीट इतकी उंच हवी, की पायडल अगदी खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. आपल्याकडे बहुतेक जण सीट खूप खाली ठेवतात आणि मग गुडघेदुखीचा दोष सायकलला देतात.

साखळीची कमजोर कडी

वेळ आणि श्रम यांच्या पलीकडची गोष्ट म्हणजे भीती. ती मोजण्याची एक पद्धत २०१२ मध्ये अमेरिकेतील मेकुरिया, फर्थ आणि निक्सन या संशोधकांनी मांडली. रस्त्यावर सायकलस्वाराला वाहतुकीचा ताण किती जाणवतो, यावरून त्यांनी रस्त्यांच्या चार पायऱ्या केल्या. पहिल्या पायरीचे रस्ते लहान मुलालाही चालतील असे, दुसऱ्या पायरीचे बहुतेक प्रौढांना सोसणारे, तिसरी आणि चौथी पायरी फक्त सरावलेल्या, धाडसी लोकांची. या पद्धतीतला महत्त्वाचा नियम असा : संपूर्ण वाटेची पायरी ही तिच्यातल्या सर्वांत वाईट तुकड्यावरून ठरते. चार किलोमीटर शांत रस्ता आणि मध्ये दोनशे मीटर महामार्ग असेल, तर ती वाट महामार्गाच्याच पायरीची समजायची. आईवडील मुलीला सायकलने पाठवायचे की नाही हे ठरवतात, तेव्हा तेही याच दोनशे मीटरचा विचार करतात.

या संशोधकांनी सॅन होजे शहराचा नकाशा तपासला. तिथे शांत गल्ल्या भरपूर होत्या. पण मोठ्या रस्त्यांनी त्यांची बेटे करून टाकली होती. परिणामी कामावर जाण्याच्या सहा मैलांपर्यंतच्या प्रवासांपैकी फक्त ४.७ टक्के प्रवास दुसऱ्या पायरीच्या आत, म्हणजे सामान्य माणसाला झेपेल अशा वाटेने, पूर्ण होऊ शकत होते. नेमक्या जागी तुटलेले दुवे जोडले तर हे प्रमाण १२.७ टक्क्यांवर जाईल, असा त्यांचा हिशेब होता.

वाट किती लांब पडली तर लोक स्वीकारतील, याचाही अंदाज त्याच अभ्यासात धरला आहे : सरळ रस्त्यापेक्षा साधारण २५ टक्के जास्त. चार किलोमीटरच्या जागी पाच किलोमीटर पडले तर माणूस शांत वाट धरतो. सात पडले तर तो पुन्हा मोठ्या रस्त्यावर येतो, किंवा सायकलच सोडतो.

भीती निराधार नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांत सायकलस्वार पावणेपाच हजारांहून अधिक होते. एकूण रस्त्यांत राष्ट्रीय महामार्गांची लांबी जेमतेम दोन टक्के. पण सुमारे ३६ टक्के मृत्यू तिथे झाले. वाहनांचा सरासरी वेग एक टक्क्याने वाढला, तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. म्हणून सायकलस्वाराच्या दृष्टीने रस्त्यावर किती गाड्या आहेत याइतकेच त्या किती वेगात आहेत यालाही महत्त्व आहे.

धुराचे गणित

सायकल चालवताना श्वास खोल आणि जलद होतो. गाडीत बसलेल्या माणसाच्या तुलनेत सायकलस्वार चौपटीच्या आसपास हवा आत घेतो. मग रस्त्यावरचा धूर पाहता व्यायामाचा फायदा उरतो का?

याचे उत्तर २०१६ च्या एका अभ्यासाने दिले. हवेतील सूक्ष्म धूलिकणांचे प्रमाण घनमीटरला २२ मायक्रोग्रॅम, म्हणजे जगातल्या शहरांच्या सरासरीइतके असेल, तर नेहमीच्या सायकलिंगमध्ये फायदाच जास्त. हे प्रमाण १०० पर्यंत गेले, तर रोज दीड तासापुढे सायकल चालवल्यावर तोटा फायद्याला मागे टाकू लागतो. पाऊण तासाच्या फेरीला ही मर्यादा आड येत नाही. शिवाय वाहनांच्या धुरातले अतिसूक्ष्म कण रस्त्यापासून शंभर-दोनशे मीटर दूर गेले की झपाट्याने विरळ होतात. मोठ्या रस्त्याला समांतर असलेली मागची गल्ली फुप्फुसांच्याही कामाची आहे.

नेदरलँड्समधील २०१० च्या हिशेबात गाडी सोडून सायकल धरल्यास आयुष्यात सरासरी ३ ते १४ महिन्यांची भर, प्रदूषणामुळे फार तर ४० दिवसांची घट आणि अपघातांमुळे ५ ते ९ दिवसांची घट, असा ताळा निघाला होता. पण तिथे सायकलला स्वतःचा रस्ता आहे. आपल्याकडे पहिला आकडा तसाच राहील; शेवटचा रस्त्यावर अवलंबून आहे. म्हणून चिठ्ठी लिहिणाऱ्याने रस्त्याविषयीही विचारायला हवे.

शहर आणि खेडे यांच्या मधले गाव

नाचणगावचे उदाहरण मुद्दाम घेतले. जनगणनेच्या व्याख्येत ते ‘नगर’ आहे. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. असे ‘जनगणना नगर’ ठरायला तीन निकष लागतात : किमान पाच हजार लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसे आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. तिसरा निकष लक्ष देण्याजोगा आहे. शेतीबाहेरचे काम म्हणजे बहुतेकदा रोजची ये-जा. शेजारचे पुलगाव हे रेल्वेचे, कापडगिरणीचे आणि लष्कराच्या दारूगोळा भांडाराचे गाव. बाजार, स्टेशन, कॉलेज यांसाठी अशा जोडगावांमध्ये दिवसभर वर्दळ असते. अंतरे सायकलच्या आवाक्यातली असतात; रस्ता नसतो.

सायकल मार्गांची चर्चा महापालिकांच्या शहरांत होते. गावच्या रस्त्यांचा विचार होतो तो गाव डांबराने जोडले गेले की नाही एवढाच. मधली गावे दोन्हीकडून सुटतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या जुन्या निकषात गर्दीच्या तासाला चारशे सायकली असतील तर वेगळा मार्ग करावा, असे म्हटले होते. रस्ता धोक्याचा असला की चारशे सायकली दिसतच नाहीत. सायकली नाहीत म्हणून मार्ग नको, मार्ग नाही म्हणून सायकली नाहीत. हे चक्र कुठून तरी तोडावे लागते.

शांत वाटा या भागात नाहीत असे नाही. शेतांकडे जाणारे पांदण रस्ते आहेत. पण विदर्भाची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून चिकट होते. आषाढात अशा वाटेवर सायकल घातली की चिखल मडगार्डमध्ये गच्च बसतो, चाक फिरेनासे होते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. कोरड्या दिवसांतही मऊ मातीवर डांबराच्या दुप्पट-तिप्पट जोर लागतो. वर बाभळीचे काटे. मुरूम टाकून दाबलेला पांदण रस्ता मात्र उत्तम सायकल मार्ग होऊ शकतो. राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून पाणंद रस्त्यांचे काम हाती घेतले, ते शेतमालाच्या वाहतुकीसाठी. तोच रस्ता शाळेकडे, बाजाराकडे जोडला गेला तर सायकललाही चालेल.

दुसरी वाट पुलगाव स्टेशनातून निघते. पुलगाव ते आर्वी ही ३५ किलोमीटरची नॅरोगेज लाइन, ‘शकुंतला’च्या घराण्यातली. गाडी अनेक वर्षांपासून बंद आहे. लोहमार्ग कधी तीव्र चढाचा नसतो, कारण पोलादी चाक पोलादी रुळावर घसरते. त्यामुळे बंद पडलेल्या लाइनी सायकलसाठी फार सोयीच्या ठरतात. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल ते बाथ या जुन्या लाइनवर सुमारे २१ किलोमीटरचा मार्ग आहे. स्पेनने १९९३ पासून अशा लाइनींवर तीन हजार किलोमीटरहून अधिक ‘हिरव्या वाटा’ केल्या. आर्वीकरांची मागणी ब्रॉडगेजची आहे आणि ती रास्त आहे. रेल्वे पुन्हा आली तर आनंदच. नव्या लाइनच्या कडेने सायकलची पट्टी आखता येते का, एवढे आराखड्यातच विचारता येईल. आणि तेव्हाही नाचणगावकराला आधी पुलगाव स्टेशनापर्यंत सुखरूप पोहोचावे लागेलच. प्रश्न फिरून तिथेच येतो.

ज्यांना वाट निवडता येत नाही

आतापर्यंतचा हिशेब व्यायामासाठी सायकल काढणाऱ्याचा झाला. त्याला परवडले नाही तर तो घरी योगासने करील. दूध घालणारा, मजुरीला जाणारा, शाळेत जाणारी मुलगी यांना ही सोय नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती.

अंतराचा परिणाम किती खोल असतो हे बिहारने दाखवले. तिथे २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. सर्वांत जास्त फरक पडला तो शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतील मुलींना सायकली मिळतात. सायकल मिळाल्याने अंतराचा प्रश्न सुटतो. भरधाव गाड्यांचा प्रश्न सुटत नाही. तो सुटला नाही तर आठवीत मिळालेली सायकल दहावीपर्यंत अंगणात गंजते.

काय करता येईल?

आधी स्वतःपुरते. सुट्टीच्या दिवशी सकाळी घरापासून निघणाऱ्या सगळ्या आडवाटा एकदा सायकलने फिरून पाहा. सर्वांत जवळची वाट शोधू नका, सर्वांत कमी ताणाची शोधा. सरळ रस्त्यापेक्षा पाव पट लांब पडली तरी चालेल. वाईट तुकडा टाळता येत नसेल तर तेवढ्यापुरते उतरून सायकल हातात धरून कडेने चाला. त्यात कमीपणा नाही. शंभर मीटर चालायला दीड मिनिट लागते.

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पहाटेची वेळच खरी. पण पहाट म्हणजे अंधार. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या गाडीचा चालक तुम्हाला पाहून ब्रेक लावून थांबेपर्यंत गाडी सुमारे ४५ मीटर पुढे आलेली असते. गडद कपड्यांतला सायकलस्वार मंद दिव्यात त्याआधी दिसेलच याची खात्री नसते. मागे लाल दिवा, रिफ्लेक्टर आणि अंगात पांढरा किंवा पिवळा सदरा असला पाहिजे. सोबत पाण्याची बाटली. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. घाम, थरथर, चक्कर जाणवली तर थांबून ते खावे. छातीत दुखण्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये.

ग्रामपंचायतीच्या पातळीवर करण्यासारख्या गोष्टी फार खर्चिक नाहीत. ग्रामसभेत एक नकाशा मांडावा आणि शाळकरी मुलांना विचारावे : सायकलने जाताना भीती कुठे वाटते? बहुतेक गावांत बोटे त्याच दोन-तीन जागांवर पडतील. एखादी मोरी, एखादा फाटा, साइडपट्टी खचलेला शे-दोनशे मीटरचा तुकडा. तिथली साइडपट्टी मुरूम टाकून सपाट करणे, झुडपे छाटणे, दिवा बसवणे, शाळेच्या वेळेत जड वाहनांचा वेग आवरणे, एवढ्यानेही साखळीची तुटलेली कडी जोडली जाते. रस्ता रुंद करताना कडेची झाडे राखावीत. २०२० मध्ये वर्धा–सेवाग्राम रस्त्यावरची जुनी झाडे तोडायला लोकांनी विरोध केला. मे महिन्यात त्या भागात सायकल चालवलेल्या माणसाला सावलीची किंमत वेगळी समजवावी लागत नाही.

आणि डॉक्टरांसाठी एक विनंती. ‘सायकल चालवा’ असे लिहिताना रुग्णाला एवढेच विचारा : ‘घरातून निघाल्यावर पहिला रस्ता कोणता लागतो?’ त्याचे उत्तर ऐकून मग वेळ ठरवा, वाट ठरवा, नाही तर सरळ चालायला सांगा. चिठ्ठीवर ‘अर्धा तास सायकल’ या ओळीपुढे ‘मागच्या गल्लीने, सहाच्या आत’ असे चार शब्द वाढले, तर ती सायकल महिनाभरानंतरही चालू असण्याची शक्यता बरीच वाढेल.